इंग्रजीतील स्थितिवाचक क्रियापदे आणि मराठीतील ‘मला’

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग द आन्सर’ अशी वाक्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार आढळतात. शिक्षक त्यांखाली तांबडी रेघ ओढतात. विद्यार्थी दुरुस्ती उतरवून घेतो आणि पुढील आठवड्यात तीच चूक करतो. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासूनच असल्यामुळे ही सवय मुरण्यास अवधीही पुष्कळ मिळतो.

वस्तुतः ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. ‘मी जात आहे’ याचे इंग्रजी ‘आय ॲम गोइंग’ होते, असे मुलास शिकविलेले असते. ‘मला उत्तर माहीत आहे’ या वाक्यातही ‘आहे’ दिसताच तो तोच साचा लावतो. त्याचे अनुमान तर्काला धरूनच असते. फसवितो तो ‘आहे’ हा शब्द.

जाणणे, आवडणे, हवे असणे, जवळ असणे या गोष्टी इंग्रजी भाषा कामे मानीत नाही, स्थिती मानते. म्हणून त्या क्रियापदांस सामान्यतः ‘इंग’ हा प्रत्यय लागत नाही. हा नियम घोकून घेण्यापेक्षा मराठीचाच आधार घ्यावा. मराठीही हा भेद पुष्कळदा दाखविते. मात्र तो विभक्तीत दाखविते. ‘मी पाहतो’, पण ‘मला दिसते’. ‘मी ऐकतो’, पण ‘मला ऐकू येते’. इंग्रजीत या जोड्या ‘लुक’ व ‘सी’, ‘लिसन’ व ‘हिअर’ अशा होतात. फळ्यावर ‘मी’ आणि ‘मला’ असे दोन रकाने आखून मुलांकडूनच ते भरून घ्यावेत.

‘थिंक’ या क्रियापदाने तर ही गोष्ट फारच स्वच्छ होते. ‘मला वाटते, पाऊस येईल’ येथे ‘आय थिंक’. ‘मी विचार करीत आहे’ येथे ‘आय ॲम थिंकिंग’. तसेच ‘तिला दोन भाऊ आहेत’ येथे ‘शी हॅज’, पण ‘ती जेवत आहे’ येथे ‘शी इज हॅविंग लंच’ हे शुद्धच आहे.

अर्थात ही खूण सर्वत्र चालत नाही. ‘मी त्याला ओळखतो’ यात ‘मी’ असूनही इंग्रजीत ‘आय नो हिम’ असेच म्हणावे लागते. येथे मुलांच्या कानालाच विचारावे. ‘मी त्याला ओळखत आहे’ असे कोणतेही मूल बोलत नाही. उलट ‘मला घाम येत आहे’ यात ‘मला’ असूनही ‘आय ॲम स्वेटिंग’ बरोबर ठरते, कारण घाम येणे ही चालू असलेली क्रिया आहे. ‘मला डोंगर दिसत आहे’ हे वाक्य मात्र वरच्या वर्गासाठी राखून ठेवावे. त्याचे सहज इंग्रजी ‘आय कॅन सी द हिल’ असे होते.