शेवटचा बचाववीर : महूचे शंकर लक्ष्मण

सामना संपला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत येते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव आले तर आले, नाही तर नाही. हे काहीसे स्वाभाविकच आहे. कारण जे घडले ते सांगता येते, जे घडू दिले नाही ते कसे सांगावे? तथापि खेळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रश्न टाळू नये, असे आम्हांस वाटते. म्हणूनच प्रस्तुत लेखात एका बचाव करणाऱ्या खेळाडूच्या कारकीर्दीचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

बचावाच्या खेळास मान देणाऱ्या देशांत जर्मनीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. तेथील बर्टी फोग्ट्स हा फुटबॉलमधील बचावपटू अंगाने किरकोळ आणि शिक्षणाने हत्यारे घडविणारा कारागीर. 1965 ते 1979 अशी चौदा वर्षे तो एकाच क्लबकडून खेळला. पश्चिम जर्मनीत 1963 साली बुंडेसलीगा ही व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, तीत त्याने 419 सामने खेळले. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या क्रायफला रोखण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि जर्मनीने तो सामना 2-1 असा जिंकला. फोग्ट्सला खेळाने उपजीविका दिली आणि पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपदही दिले. आता आपल्या परदेशीपुऱ्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असलेल्या महूकडे वळू, म्हणजे याच कलेची दुसरी कथा दृष्टीस पडेल.

महू ही छावणी. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून ती आपणां सर्वांस परिचित आहेच. पण हॉकीच्या इतिहासातही तिला स्थान आहे. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचे कर्णधार किशनलाल महूचेच. शंकर लक्ष्मण यांचा जन्मही येथलाच, 7 जुलै 1933 चा. महूजवळच्या कोदरिया गावात ते प्रथम फुटबॉल खेळत. 1947 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, ते सैन्याच्या बँडपथकात वाजंत्री म्हणून दाखल झाले आणि पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत त्यांनी नोकरी केली. हातात हॉकीची काठी आली ती सैन्यात. आणि उभे राहावयाची जागा मिळाली ती गोलाच्या तोंडाशी.

या जागेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. फुटबॉलचा गोल 24 फूट रुंद व 8 फूट उंच असतो. हॉकीचा 12 फूट रुंद व 7 फूट उंच. म्हणजे हॉकीतील काम सोपे, असे वाटेल. परंतु तेथे चेंडू टणक असतो आणि काठीच्या तडाख्याने बंदुकीच्या गोळीसारखा येतो. शंकर यांच्या काळी गोलरक्षकाच्या पायांना पॅड व हातांत मोजे असत; डोक्यावर शिरस्त्राण नाही, चेहऱ्यापुढे जाळी नाही. त्यातून पेनल्टी कॉर्नर मिळाला म्हणजे गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलला जाई, एक खेळाडू तो हाताने थांबवी आणि दुसरा लगेच फटका मारी. त्या क्षणार्धात गोलरक्षकाने पुढे धावावे की मागे राहावे? पुढे गेल्यास फटका मारणाऱ्यास दिसणारा गोल लहान होतो, परंतु चेंडू पाहावयास मिळणारा वेळही तितकाच कमी होतो. या हिशेबात चूक झाली तर ती दुरुस्त करावयास मागे कोणीही उरत नाही.

1956 साली मेलबर्न येथे शंकर प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरले. भारताने अफगाणिस्तानवर 14, अमेरिकेवर 16 व सिंगापूरवर 6 गोल चढविले. त्यानंतर मात्र उपान्त्य सामन्यात जर्मनीशी आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानशी गाठ पडली, आणि दोन्ही वेळा एकाच गोलावर भागवावे लागले. अंतिम सामन्यातील गोल केला रणधीरसिंग जेंटल यांनी, म्हणजे तोही एका बचावपटूनेच! स्पर्धेत भारताचे एकूण गोल 38. सामान्यतः हाच आकडा सांगितला जातो. आमच्या मते त्याहून मोठा आकडा त्याच्या शेजारी आहे : भारतावर झालेले गोल 0.

1960 साली रोम येथे चित्र पालटले. 1928 पासून सलग सहा सुवर्णपदके मिळविलेला भारत अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 0-1 असा हरला. देशभर हळहळ झाली. त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर केवळ 2 गोल झाले होते, पण त्यांतला दुसरा कोणी विसरले नाही. आघाडीवीराचे दहा फटके वाया गेले तरी अकराव्याने त्याचे सारे झाकले जाते. गोलरक्षकाचा हिशेब याच्या अगदी उलट मांडला जातो.

चार वर्षांनी, 23 ऑक्टोबर 1964 रोजी टोकियोत तेच दोन संघ तिसऱ्यांदा समोरासमोर आले. तोवरची भारताची वाटचाल सुखाची नव्हती. जर्मनी व स्पेन यांच्याशी सामने 1-1 असे बरोबरीत सुटले होते. अंतिम सामन्यात उत्तरार्धात पृथिपालसिंग यांचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाने अडला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी गोल केला. मग पाकिस्तानने चढाईवर चढाई केली, पेनल्टी कॉर्नर मिळविले. शंकर यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. सुवर्णपदक परत आले. तीन ऑलिंपिकच्या तीन अंतिम सामन्यांत, म्हणजे 210 मिनिटांत, पाकिस्तानसारख्या संघाला त्यांनी एकूण एकच गोल करू दिला. गणिताची आवड असलेल्या मुलांनी ही तुलना इतर कोणत्याही गोलरक्षकाशी करून पाहावी.

त्यानंतर मानमरातबही मिळाले. 1964 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, 1967 मध्ये पद्मश्री. 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. गोलरक्षकाकडे भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व तोवर कधी आले नव्हते. अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशीच झाला, जादा वेळेत 1-0 असा जिंकला गेला, आणि आशियाई स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक भारताला लाभले.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. वय पस्तीस होते. निवड करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण शंकर यांनी हॉकी सोडली ती सोडलीच. सैन्यातील नोकरी मात्र चालू राहिली. वाजंत्री म्हणून शिरलेला मुलगा कॅप्टन होऊन निवृत्त झाला आणि महूला परतला. जर्मन खेळाडूप्रमाणे क्लबचा करार त्यांच्या पाठीशी कधीच नव्हता. हॉकीने पदके दिली, पोट भरले ते पलटणीने.

अखेरचे दिवस हलाखीत गेले. एका पायाला गँगरीन झाले. पाय कापावा असा डॉक्टरांचा सल्ला होता. ज्या पायांनी आयुष्यभर चेंडू अडविले त्यांतला एक कापू देण्यास कोणाचे मन सहज धजावेल? मदतीची खटपट झाली, पण ती तोकडी व उशिराची होती. 29 एप्रिल 2006 रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते 72 वर्षांचे होते. त्यांच्या नावावर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके व एक रौप्यपदक होते.