दवाखान्यातून घरी आल्यावर

जीव वाचला की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. माझ्या घरीही तसंच झालं. सलाइन निघालं, डॉक्टरांनी सुटी दिली, आईनं दृष्ट काढली आणि थोड्याच दिवसांत घर पुन्हा कामाला लागलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, कोण किती दिवस बसून राहणार? त्यात कुणाचा दोष नव्हता. पण ज्या गोष्टी मला असह्य झाल्या होत्या, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. सोसायटीचं कर्ज तसंच होतं, सावकाराचं तसंच होतं, झोप उडालेलीच होती. वर लाजेची भर पडली. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस ज्या घरात नुकताच परत आला आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे.

लोक भेटायला येत. पाऊस, पीक, कापसाचा भाव, सगळं बोलत. त्या एका गोष्टीचं नाव मात्र काढत नसत, आणि जे काढत ते रागावत. "लेकराइचं तोंड तरी पाहाचं होतं!" त्यांचा राग मायेतूनच येत होता, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू यायचं की बाप म्हणूनही आपण नापास झालो. लेकरांचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण त्या अवस्थेत डोकंच उलटं चालतं. आपलं घराला ओझं झालंय असं वाटत राहतं. ते साफ खोटं असतं, पण त्या घडीला ते खोटं आहे हे दिसत नाही.

मामांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. पुढे एका रात्री तो विचार परत आला, तेव्हा कुणाला सांगायची सोयच राहिली नव्हती. सांगितलं तर शपथ मोडली, असं झालं असतं. हात जोडून सांगतो, कुणाला शपथ घालू नका. कबूल करून घ्यायचंच असेल तर एवढंच घ्या: विचार आला तर रात्री दोन वाजताही मला उठव.

पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते आधी दादाला कुणीतरी सांगायला हवं होतं. एकदा प्रयत्न झालेला असणं हा पुढच्या धोक्याचा फार मोठा इशारा असतो, आणि दवाखान्यातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात. घर ज्या वेळी निश्चिंत होतं, नेमकी तीच ही वेळ. त्यांनी दुसरंही सांगितलं: वाचलेल्यांपैकी बहुतेकांचा शेवट आत्महत्येनं होत नाही. ही नाजूक वेळ सोबतीनं पार करून द्यायची असते.

आमच्या गावच्या आशाताईंना हे ठाऊक होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून खचलेल्या शेतकऱ्याच्या घरावर लक्ष ठेवण्याचं काम आशाताईंकडे आलं. त्या आल्या, ओट्यावर बसल्या. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारून झालं. मग सरळ म्हणाल्या, "भाऊ, मरणाचा विचार आजबी मनात येते काय?"

आई आतून ओरडली, "कशाले आठवण करून देता त्याले!"

ही भीती प्रत्येक घरात असते. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे या विषयाच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे. मला तर विसरच पडला नव्हता, आठवण कशाची होणार? मी "हो" म्हणालो, आणि मग बराच वेळ रडलो. आशाताई मधे बोलल्या नाहीत. समजूत घातली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. मी शांत झाल्यावर दोनच गोष्टी विचारल्या: कोणत्या वेळी जास्त येते, आणि आज रात्री तुमच्याजवळ कोण झोपते. कुणाला अशा माणसाशी काय बोलावं हे सुचत नसेल, तर हे प्रश्न घ्या. उत्तर ऐकून दचकू नका, बस्स.

त्याच दिवशी दादानं फवारणीची औषधं घरातून हलवली. कुठं नेली ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नाल्याला पूर येतो तेव्हा काठावर थांबावं लागतं, पाणी उतरतंच. मरणाच्या विचाराची लाटही तशीच असते, काही वेळ फार जोर करते आणि ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसलं पाहिजे. "ज्याला करायचं तो कसंही करतो," असं म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावं. अतिविषारी कीटकनाशकांवर तिथं एकामागून एक बंदी आली, आणि १९९५ नंतर आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक खाली आलं. आपल्या हातात बंदी नसली तरी कुलूप आहे. एका फवारणीला लागेल तेवढंच औषध आणावं, उरलेलं कुलपात ठेवावं, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही सुरुवातीला घरातल्या दुसऱ्यानं सांभाळाव्यात.

माझा शाळेपासूनचा एक मित्र दर बाजाराच्या दिवशी यायचा. उपदेश नाही, काही नाही. चहा घ्यायचा, "हा आठवडा कसा गेला?" विचारायचा आणि जायचा. तो येणार हे ठरलेलं असणं, याला किती किंमत आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ वाचलेल्या माणसांचा अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात फोनवर किंवा घरी जाऊन ९ वेळा चौकशी झाली. पहिल्या गटात आत्महत्येनं २.२ टक्के माणसं गेली, दुसऱ्यात ०.२ टक्के. हे वाचलं तेव्हा मला तो मित्र आठवला. त्यानं हा अभ्यास कधी ऐकलेलाही नाही.

पोलिसांच्या धाकानं काही घरं डॉक्टरांपासून गोष्ट लपवतात, आणि उपचार चुकतो. असं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जाईल, त्याला शिक्षा होणार नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा उरलेला नाही. दवाखान्यात जबाब घ्यायला पोलीस येतील, तर जे झालं ते सांगावं.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच "आता बरा दिसतो" म्हणून घरच्यांनी त्या बंद करू नयेत, आणि दारू तर अजिबात नको. कर्जाचं म्हणाल, तर समुपदेशनानं ते फिटत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण झोप लागायला लागली तेव्हा बँकेची नोटीस मी पहिल्यांदा पूर्ण वाचू शकलो. मग दादा, मित्र आणि मी वही घेऊन बसलो, कुणाचे किती ते लिहिलं. आकडा मोठाच होता, पण माझ्या डोक्यात जेवढा झाला होता त्याहून लहान निघाला.

मरणाचा विचार येतो का असं विचारल्यावर कुणी तुम्हाला "हो" म्हणालं आणि आजच काही करण्याच्या बेतात दिसलं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा, नाहीतर थेट सरकारी दवाखान्यात न्या. बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्रंदिवस, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. माझ्यासाठी त्यावर पहिला फोन दादानं लावला होता. तोही कित्येक रात्री नीट झोपला नव्हता. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याला विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?" सांभाळणाऱ्यांनीही तिथं स्वतःसाठी फोन करावा.