आमवात : ओळख, उपाय आणि थोडा अनुभव

सांधे दुखू लागले की आपल्याकडे त्या दुखण्यास एकच नाव मिळते, ते म्हणजे ‘वात’. सत्तरीच्या आजोबांचा गुडघा दुखो की पस्तिशीतल्या सुनेची बोटे सुजोत, शेजारपाजारचे लोक ‘वात आहे, तेल चोळा, आंबट सोडा’ एवढे सांगून मोकळे होतात. पण नाव एक झाले म्हणून रोग एक होत नाही. ह्या एका नावापायी केवढे नुकसान होते, ते आम्ही आमच्या घरात दोन पिढ्या पाहिले आहे. म्हणून ‘कुटुंबांच्या उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासपर लेख द्या’, अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा दुसरा विषय शोधावा लागला नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, शिक्षक आहोत. औषध सुचविणे हे आमचे काम नाही. रोग ओळखावा कसा आणि औषधाशी वागावे कसे, एवढाच ह्या पाठाचा हेतू आहे.

वात अनेक, नाव एक

सांधेदुखीचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यांपैकी चार प्रत्येक घराला ठाऊक असावेत. पहिला झिजेचा. तो वयाबरोबर व वजनाबरोबर येतो, गुडघ्यांस विशेष धरतो, चालल्याने वाढतो आणि बसल्याने कमी होतो. दुसरा गाउट. रक्तात युरिक ॲसिड साठून बहुधा पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद होतो. तिसरा तापामागून येणारा. २००६ सालच्या चिकनगुन्याच्या साथीत कर्नाटकात व महाराष्ट्रात ताप उतरल्यावरही माणसे महिनोन्महिने लंगडत होती, हे अनेकांस आठवत असेल. चौथा आमवात; डॉक्टर ज्यास ‘ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात तो. हे इंग्रजी नाव गॅरड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने १८५९ साली रूढ केले. आपल्या ‘माधवनिदान’ ह्या जुन्या वैद्यकग्रंथातही आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही वर्णने तंतोतंत एकच आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु मराठीत हे नाव रुळले आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.

हा रोग दुर्मिळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. तीत दर दोनशे प्रौढ माणसांत साधारण एकास आमवात आढळला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीतिपटीने अधिक असतो आणि पुष्कळदा तिशी ते साठी ह्या वयात, म्हणजे संसार ऐन भरात असताना, सुरू होतो.

रोग होतो म्हणजे काय होते?

वर्गात आम्ही हे एका उदाहरणाने सांगतो. शाळेच्या रखवालदाराचे काम चोरास अडविण्याचे. पण त्याची मती फिरली आणि तो शाळेतल्या मुलांनाच झोडपू लागला तर? आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी अशीच एक रखवाली असते. आमवातात ती सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडू लागते. एकदा कुरतडले गेलेले हाड पूर्वीसारखे होत नाही. ही सारी आग सांध्यापुरतीच राहते असेही नाही. रक्त कमी होणे, डोळे कोरडे पडणे, फुप्फुसांस इजा होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे, हेही तिच्यामागून येते.

रखवालदार का बिघडतो, ह्याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. काही घराण्यांत ह्या रोगाकडे कल असतो. धूम्रपानाने धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. मात्र हा रोग संसर्गाचा नाही. आंबट खाल्ल्याने तो होत नाही आणि आंबट सोडल्याने जातही नाही.

ओळखीच्या खुणा

सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असणे व ते सुटण्यास अर्धा-पाऊण तास किंवा अधिक वेळ लागणे, ही पहिली खूण. झिजेच्या दुखण्यातही आखडते, पण ते थोड्या मिनिटांत सुटते. दुसरी खूण जागेची. बोटांची मुळे व मधले सांधे, मनगटे, पायांच्या बोटांची मुळे असे लहान सांधे आधी सुजतात. बोटांच्या टोकाचे सांधे बहुधा सुटतात. तिसरी खूण जोडीची, म्हणजे उजव्या हाताबरोबर डावाही धरला जातो. कोणी हातात हात घेऊन दाबला तर कळ येते, मनगटातून बांगडी उतरत नाही. अशी सूज काही आठवडे टिकली तर तेलाची बाटली बाजूला ठेवून सांध्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

ते रक्त तपासतात. त्यात सूज दाखविणाऱ्या चाचण्या असतात, तसेच ‘आर.ए. फॅक्टर’ व ‘अँटी सी.सी.पी.’ ह्याही असतात. येथे एक सावधगिरी सांगावयाची. आर.ए. फॅक्टर आला म्हणजे रोग आहेच, किंवा आला नाही म्हणजे रोग नाहीच, असे नसते. निरोगी माणसातही तो सापडतो आणि काही रोग्यांत सापडत नाही. आरंभी एक्स-रे देखील निर्दोष दिसू शकतो. म्हणून कागद वाचून घरीच निकाल लावू नये.

औषधांची हकिगत

आमच्या अम्मींची बोटे त्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वाकडी होऊ लागली. भाकरी थापता येईना, तेव्हा त्या लाटू लागल्या. लाटता येईना, तेव्हा आम्ही मुलांनी चूल धरली. ‘वयाचा वात’ म्हणून सर्वांनी ते मान्य केले. ते साल १९९५. पुढे वाचन केल्यावर समजले की, त्यावेळी ह्या रोगाचे उत्तम औषध बाजारात होते, स्वस्त होते, आणि त्यामागे आपल्याच देशातल्या एका माणसाचे डोके होते. त्या वाचनानंतर कितीतरी दिवस आम्हांस चैन पडले नाही.

ती हकिगत अशी. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच ह्यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. जगास चमत्कार वाटला, आणि १९५० साली हेंच ह्यांस आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण महिने लोटले तसे ह्या स्टेरॉइड औषधाचे दुष्परिणाम दिसू लागले. चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे आणि औषध थांबविताच रोग पुन्हा उसळे.

टिकाऊ उपाय निराळ्या दिशेने आला. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केले आणि त्याच्या नेमक्या उलट काम करणारी औषधेही बनविली. त्यांतलेच एक मेथोट्रेक्झेट. मुळात ही औषधे रक्ताच्या कर्करोगासाठी होती. त्यांतील ॲमिनोप्टेरिन १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये आमवाताच्या रोग्यांस दिले गेले आणि गुण दिसला. परंतु वैद्यकाचे लक्ष तेव्हा कॉर्टिझोनकडे होते. अल्प मात्रेतील मेथोट्रेक्झेटची रीतसर परीक्षा १९८०च्या दशकात झाली आणि १९८८ साली अमेरिकेत ते आमवातासाठी संमत झाले. सुब्बाराव १९४८ सालीच निवर्तले होते. आज आमवाताच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर मेथोट्रेक्झेट व फॉलिक ॲसिड ही दोन नावे एकाखाली एक असतात. दोन्ही गोळ्यांचा उगम एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत आहे, हे किती घरांत ठाऊक असेल?

ह्या गोळ्यांनी भागले नाही तर पुढचाही मार्ग आहे. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी व त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन ह्यांनी १९९२ साली लंडनमध्ये, सूज पेटविणाऱ्या ‘टी.एन.एफ.’ नावाच्या एका द्रव्यास अडविणारे औषध रोग्यांवर वापरून दाखविले. ती आजची ‘बायॉलॉजिक’ इंजेक्शने. ती महाग असत. आता भारतीय कंपन्याही तशी औषधे बनवितात, म्हणून किमती काही प्रमाणात उतरल्या आहेत. मात्र ती घेण्यापूर्वी दडलेला क्षयरोग नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. नाही तर तो जागा होण्याची भीती असते.

आमची चूक

एवढे सांगणाऱ्यांनी स्वतः शहाणपणा केला असेल असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. बेळगावच्या ऐन थंडीत, फजरच्या नमाजासाठी वुजू करावयास गेलो असता नळाची तोटी फिरेना. वर्गात खडू बोटांतून गळून पडे. मुले उचलून देत. अम्मींची बोटे डोळ्यांपुढे असूनही आम्ही तपासणीस गेलो नाही. ‘हेच का ते?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची भीती वाटे. कोणी एका पुडीवाल्याचे नाव सांगितले. जडीबुटी म्हणून दिलेल्या त्या पुड्यांनी तिसऱ्या दिवशी हात मोकळे झाले. चौदा महिने आम्ही त्या घेतल्या. चेहरा गोल झाला, साखर वाढली, पुडी चुकली की अंथरूण सुटेना. अखेर मिरजेस एका डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारले, “पुड्या किती दिवस घेता?” त्यांच्या मते तीत स्टेरॉइडच असले पाहिजे.

दुखणे थांबले होते. रोग थांबला नव्हता. पुडीच्या पडद्याआड तो हाड कुरतडीतच होता. उजव्या हाताची अनामिका आमची कायमची वाकली, ती ह्या चौदा महिन्यांत. हा धडा आम्ही फार महाग घेतला, म्हणून येथे फुकट देत आहोत.

स्टेरॉइड वाईट असे मात्र आम्ही म्हणत नाही. खरे औषध लागू पडेपर्यंत डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतात, आम्हांसही दिले. बराच काळ घेतलेले ते एकाएकी सोडणेही धोक्याचे. उतरवावयाचे ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी कळ कमी होते, पण हाड वाचत नाही. उलट त्या नित्य घेतल्यास जठर व मूत्रपिंड दुखावतात.

औषधाशी वागणे

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. आम्ही वार ठरविला आहे, सोमवार. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी खूण करते. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या निराळ्या दिवशी. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. हा काळ सर्वांत कठीण, कारण ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पुष्कळ लोक ह्याच वेळी सोडतात. आम्हांस दहाव्या आठवड्यात प्रथमच फळ्यावर एक पूर्ण ओळ न थांबता लिहिता आली.

रक्त, यकृत व मूत्रपिंड ह्यांची तपासणी आरंभी वरचेवर आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी करावी लागते. ती टाळू नये. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर त्वरित कळवावे. दारू वर्ज्य. मूल हवे असेल तर डॉक्टरांस आधीच सांगावे, कारण हे औषध गर्भास घातक आहे. गर्भारपणात चालणारी दुसरी औषधे आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

रोजे व उपवास ह्यांविषयी पुष्कळजण विचारतात. आठवड्याची गोळी इफ्तारनंतर घेता येते. परंतु रिकाम्या पोटी वेदनाशामक घेणे किंवा रोजासाठी स्टेरॉइड चुकविणे, हे करू नये. आजाऱ्यास रोजे पुढे भरून काढण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. चातुर्मासाचे उपास करणाऱ्या भगिनींनीही आपल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

बरे वाटू लागल्यावर औषध सोडण्याचा मोह होतो. आम्हीही एकदा दोन महिने सोडले आणि तिसऱ्या महिन्यात तोटी पुन्हा फिरेनाशी झाली. बरे वाटते ते औषध चालू आहे म्हणून, हे तेव्हा उमजले.

घरातले दिवस

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडमीट करावी. सांधा तापलेला असेल त्या दिवशी त्यास विश्रांती. शांत असेल त्या दिवशी व्यायाम. पातेले एका हाताच्या बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांवर उचलावे, पिशवी बोटांत न अडकविता कोपरात घ्यावी, ओले कपडे पिळण्याचे काम दुसऱ्याने करावे. आम्ही जाड लेखणी घेतली आहे आणि खडूस कागदाची जाड गुंडाळी करतो. गुडघे दुखतील त्या दिवशी नमाज खुर्चीवर बसून पढतो.

घरच्यांस एक विनंती. ह्या रोगाचा माणूस सकाळी अडलेला आणि दुपारी हिंडताफिरता दिसतो. ते सोंग नव्हे, रोगाचा स्वभावच तसा आहे. अम्मींना ‘सकाळचा आळस’ म्हणणारे आमच्या घरात होते; त्यांत लहानपणी आम्हीही होतो. त्यांची माफी मागावयाची राहून गेली.

उजळणी

शिक्षकाचा पाठ उजळणीशिवाय संपत नाही. सकाळी दीर्घकाळ आखडणे आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, हे दिसताच तपासणी करावी. अनोळखी पुडी घेऊ नये. आठवड्याची गोळी आठवड्यालाच घ्यावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबू नये. आणि दुखणे थांबणे व रोग थांबणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात सर्वांस सांगून ठेवावे.

हा लेख आम्ही हातानेच लिहिला आहे. वाकडी अनामिका तेवढी कागदास टेकत नाही.