स्वादुपिंडाचा तुकडा जठरात कसा काय?

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर नेहमीची आकृती काढतो. वर अन्ननलिका, मग जठर, जठरामागे आडवं स्वादुपिंड, खाली आतड्यांची वेटोळी. मुलं नावं पाठ करतात, गुणही मिळतात. पण या आकृतीमुळे असं वाटायला लागतं की प्रत्येक अवयव म्हणजे कपाटाच्या खणात ठेवलेली वस्तू! शरीर तसं तयार होत नाही.

काही माणसांच्या जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत स्वादुपिंडाच्या ऊतीचा छोटा तुकडा सापडतो. मूळ स्वादुपिंडाशी त्याचा काही संबंध नसतो, रक्तपुरवठाही वेगळा. डॉक्टर त्याला एक्टोपिक किंवा हेटरोटोपिक पॅन्क्रियाज म्हणतात. १७२७ साली आतड्याच्या एका पिशवीसारख्या फुगवट्यात असा तुकडा आढळल्याची नोंद आहे.

हे घडतं कसं? गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना आतड्याच्या नळीवर स्वादुपिंडाचे दोन कोंब फुटतात, एक पुढे आणि एक मागे. नळी वळते तसा पुढचा कोंब फिरत मागे जातो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्याला जोडला जातो. म्हणजे आपण ज्याला एक अवयव म्हणतो तो खरं तर दोघांची जोडणी आहे. (हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो.) या हालचालीत काही पेशी भिंतीला चिकटून राहतात आणि नळी लांबत जाते तशा दूर जातात, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं, की त्या भिंतीतल्या पेशीच 'स्वादुपिंड बन' हा संदेश चुकून पाळतात. उंदरांमध्ये एचईएस-१ नावाचं जनुक बंद केल्यावर जठरात आणि आद्यांत्रात स्वादुपिंडाची ऊती तयार झाली. मला हे दुसरं स्पष्टीकरण शिकवायला जास्त आवडतं. जठर, यकृत, स्वादुपिंड यांच्या पेशी एकाच घरातल्या भावंडं, हे त्यातून कळतं.

आता पालकांसाठी. हा तुकडा बहुतेक वेळा आयुष्यभर काहीच त्रास देत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत अचानक दिसतो. जठराच्या खालच्या भागात, आतल्या अस्तराखाली लहानसा उंचवटा आणि मधोमध खळगा, अशी त्याची ओळख. रिपोर्टमध्ये 'गाठ' हा शब्द वाचून घर हादरतं. पण ही गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि कॅन्सर पसरून तिथे आलाय असंही नव्हे. त्यात कर्करोग होणं फार दुर्मीळ आहे. मात्र दिसायला ती इतर गाठींसारखी असू शकते आणि अस्तराखाली असल्याने साध्या बायोप्सीत कधीकधी फक्त वरचं अस्तरच हाती येतं. म्हणून डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली तर टाळू नये.

क्वचित पोटदुखी, रक्तस्राव किंवा अडथळा होतो. लहान मुलांत असा तुकडा आतड्यात आतडं शिरण्याचं निमित्त ठरू शकतो, जरी बहुतेक मुलांत त्यामागे असं काही सापडत नाही. बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, उलट्या होताहेत, शौचात लालसर जेलीसारखं काही पडतंय, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा-हिंग लावत बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर टाकावा: जठरातल्या तुकड्याने स्वादुरस तयार केला तर तो तिथे अन्न पचवेल का? मुलं पटकन 'हो' म्हणतात. मग आठवण करून द्यायची, की स्वादुरसातली विकरं आम्लारीधर्मी माध्यमात काम करतात आणि जठरात तर हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. शिवाय ट्रिप्सिन निष्क्रिय रूपातच बाहेर पडतं, त्याला जागं करणारं विकर लहान आतड्याच्या भिंतीत असतं. आणि रस बाहेर पडायला वाटच नसेल तर? तो तिथेच साचतो, ऊतीला सूज येते आणि पोट दुखायला लागतं.