जुन्या संगणकासाठी कोणते लिनक्स?
लिंबागणेशसारख्या गावातील दुकानदार व कारागीर बांधवांकडे बिलापुरता जुना संगणक असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून लगेच नवे यंत्र घेऊ नये. नवशिक्यास आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवतो. ती मोफत आहे, मांडणी विंडोजच्या वळणाची. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असल्यास उत्तम. प्रोसेसर मात्र ६४-बिट हवा. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर व मराठी टंकलेखन तपासावे. तोवर हार्डडिस्कवरील काही पुसले जात नाही. हिशेब टॅलीत असेल तर थांबावे, कारण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. आणि उधारीच्या नोंदींची प्रत वेगळी काढल्याशिवाय ‘इन्स्टॉल’चे बटण दाबू नये.