व्हेक्टर करणें व ओळखणें

आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या वेळापुरास मुक्कामास येते. रथापुढें 27 दिंड्या चालतात. प्रत्येकीस क्रमांक ठरलेला असून कोणी आपला क्रम मोडीत नाहीं. म्हणून अमुक दिंडी कोठें, असें विचारणारास सारी वारी धुंडाळावी लागत नाहीं. संगणकाच्या स्कीम भाषेंतील ‘व्हेक्टर’ हा अशीच क्रमवार जागांची ओळ होय. (पदार्थविज्ञानांतील सदिशाशीं विद्यार्थ्यांनीं त्याचा घोळ करूं नये.)

लिस्प भाषा जॉन मॅकार्थी यांनीं 1958 सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. येथें योजिली, स्कीम ही तिचीच लेक, 1975 सालीं सस्मन व स्टील यांनीं तेथेंच घडविली. हिच्यांत कंस उघडून प्रथम क्रियेचें नांव लिहितात. (मेक-व्हेक्टर 27 0) असें लिहिलें कीं 27 जागांचा व्हेक्टर तयार होऊन प्रत्येक जागेंत शून्य बसतें. तें शून्य गाळल्यास जागांत काय असेल याची भाषा हमी देत नाहीं. सबब तें लिहावेंच. घटक ठाऊक असतील तर (व्हेक्टर 62 71 58) एवढें पुरे.

जागांची मोजणी शून्यापासून होते. 27व्या दिंडीची जागा 26; (व्हेक्टर-रेफ ओळ 27) असें विचारल्यास चूक होते. आमचे विद्यार्थी येथें हटकून अडखळतात.

आतां ओळखण्याविषयीं. ‘लिस्ट’ ही साखळी असते. विसाव्या कडीस जाण्यास पहिलीपासून चालावें लागतें. व्हेक्टरांत थेट जातां येतें. पडद्यावर लिस्ट (62 71 58) अशी, तर व्हेक्टर #(62 71 58) असा उमटतो. परंतु डोळ्यांवर न विसंबतां (व्हेक्टर? ओळ) असें विचारावें, उत्तर खरें किंवा खोटें येतें. ही क्रिया केवळ जात सांगते. जागा किती हें व्हेक्टर-लेंग्थ सांगते, आंत काय आहे तें निराळें तपासावें लागतें.

तें न तपासल्यानें काय होतें तें आम्हीं वर्गांत पाहिलें. तिघांच्या दोन विषयांच्या गुणांसाठीं एका मुलानें (मेक-व्हेक्टर 3 (मेक-व्हेक्टर 2 0)) असें लिहिलें. मग पहिल्याच्या नांवें गणितांत 62 मांडले, तों तिघांसही 62 मिळाले! त्यांतील एक तर परीक्षेस आलाच नव्हता. प्रत्येक ओळीस ‘व्हेक्टर?’ विचारलें, उत्तर खरेंच आलें. आंतला कंस एकदांच सोडविला जातो व तोच एक व्हेक्टर तिन्ही जागांत बसतो, हें त्यास उमगलें नव्हतें. दोन ओळी घेऊन ‘ईक्यू?’ विचारतांच ‘खरें’ आलें. म्हणजे दोन्ही ओळी एकच. मग त्यानें (व्हेक्टर (मेक-व्हेक्टर 2 0) (मेक-व्हेक्टर 2 0) (मेक-व्हेक्टर 2 0)) असें तीनदां लिहिलें. ‘ईक्यू?’ आतां ‘खोटें’ म्हणूं लागली, आणि गैरहजर विद्यार्थ्याचें शून्य त्याचें त्यास परत मिळालें.