गॅरेज टाकायचंय? आधी शिकायचा क्रम ठरवा

या आठवड्याच्या व्हिडिओचा हा लिखित धडा. वही-पेन जवळ ठेवा, पुढे हिशेब करायचा आहे.

"सर, गॅरेज टाकायला भांडवल किती लागतं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. भांडवलाचं बोलू, पण त्याआधी एक उत्तर मला द्या. गाडीतला बिघाड शोधायला तुम्ही कुठे शिकलात आणि किती दिवस? ग्राहक पैसे देतो ते नेमका बिघाड सापडला म्हणून. पाना फिरवणं त्यानंतर येतं.

काउंटरवरून काय दिसतं

माझं दुकान स्पेअर पार्टचं आहे. एक मेकॅनिक सकाळी येतो, "भाऊ, गाडी मिसिंग करून राहिली, प्लग द्या." तासाभराने कॉइल नेतो. दुपारी सेन्सर. संध्याकाळी म्हणतो, "हा परत घ्या, फरक नाही पडला." इलेक्ट्रिकल पार्ट एकदा गाडीला लावला की दुकानदार परत घेत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मग तो पैसा मेकॅनिकच्या खिशातून जातो, नाहीतर बिलात चढतो. बिलात चढला की ग्राहक पुढच्या वेळी दुसरीकडे जातो.

दुसरा मेकॅनिक एकदाच येतो. पार्ट नंबर कागदावर लिहून आणतो, घेतो, जातो. हात दोघांचेही चांगले चालतात. फरक शिकण्यात आहे.

फक्त उस्तादाकडे शिकून का भागत नाही

उस्तादाकडे हात बसतो, कान तयार होतो. त्याची किंमत कमी समजू नका. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि साध्या दुचाकीतही कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आता गाडीत ईसीयू आहे, सेन्सर आहेत, आणि स्कॅनर लावला की कोड दिसतो.

इथेच नवे पोट्टे फसतात. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर खराब झाला असं नाही. वायर तुटलेली असेल, कनेक्टर ढिला असेल, सायलेन्सरच्या जोडातून हवा घुसत असेल. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर तुम्हाला शोधायचं असतं. त्यासाठी वायरिंग डायग्राम वाचता यायला हवा आणि मल्टिमीटर वापरता यायला हवा. हे दोन्ही नुसतं बघून येत नाही, शिकावं लागतं.

शिकायचा क्रम

पायरी १ : आयटीआय. दहावीनंतर प्रवेश मिळतो. मेकॅनिक मोटर व्हेईकल २ वर्षांचा, मेकॅनिक डिझेल १ वर्षाचा, टू अँड थ्री व्हीलरचा ट्रेड १ वर्षाचा. इलेक्ट्रिक व्हेईकलचाही २ वर्षांचा ट्रेड आला आहे. नागपुरात श्रद्धानंद पेठेत शासकीय आयटीआय आहे, खासगीही आहेत. ट्रेड निवडताना गॅरेज कुठे टाकायचं ते आधी बघा. वाडीकडे ट्रक आणि ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, तिथे डिझेलचं काम. वस्तीत दुचाकी. खासगी संस्थेत फी भरण्याआधी ट्रेडला मान्यता आहे का ते तपासा आणि वर्कशॉप बघायला मागा. इंजेक्शनवालं इंजिन सुरू होतं का? मल्टिमीटर मुलांच्या हातात आहेत की कपाटात?

पायरी २ : अप्रेंटिस. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि विद्यावेतनही द्यावं लागतं. म्हणजे मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्ही उपकार मागायला जात नाही. नोंदणी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. जाताना एकच विचारा, "स्कॅनरवर काम करायला मिळेल का?" वर्षभर नुसतं वॉशिंग आणि ऑइल बदल असेल तर दुसरी जागा बघा.

पायरी ३ : नोकरी, निदान एक पूर्ण वर्ष. नागपूरचा मे महिना एसी, कूलंट आणि बॅटरी शिकवतो. पावसाळा ब्रेक आणि वायरिंग शिकवतो. याच काळात जॉब कार्ड भरणं, कामाआधी एस्टिमेट सांगणं, काम झाल्यावर ट्रायल घेणं अंगवळणी पाडा. आणि इलेक्ट्रिक कारच्या नारिंगी केबलला वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. तो हाय व्होल्टेज आहे, जीव जातो.

वर्षानुवर्षं काम करताय पण कागद नाही? तर आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय, जवळच्या कौशल्य केंद्रात विचारा.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही स्वतःचे टाका. दुचाकीचं छोटं गॅरेज. महिन्याचं भाडं ८,०००, मदतनीस १०,०००, वीज आणि किरकोळ २,५००, कर्जाचा हप्ता ४,५००, घरी न्यायचे १५,०००. एकूण ४०,०००. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर रोज १,६०० मजुरी आलीच पाहिजे.

एका गाडीची सरासरी मजुरी ३०० धरा. रोज ६ गाड्या केल्या तर १,८००. महिन्याला ५,००० उरतात.

त्या ६ पैकी १ गाडी जुनीच तक्रार घेऊन परत आलेली असेल तर तिचं काम फुकट. हाती १,५००. महिन्याला २,५०० तूट.

२ गाड्या परत आलेल्या असतील तर १,२००. महिन्याला १०,००० तूट. मदतनीसाचा अख्खा पगार गेला.

बघा, भाडं तेच, जागा तीच, मेहनतही तेवढीच. गॅरेज चाललं की बुडालं, ते परत येणाऱ्या गाड्यांनी ठरवलं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण गाडी परत आली म्हणून बँक हप्ता माफ करत नाही. बाबांनी एफडी मोडून पैसे दिले असतील तर ही तूट घरातून भरली जाते. म्हणून म्हणतो, शिकण्याची दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या स्कॅनरवर आणि दुसऱ्याच्या छपराखाली काढा. त्या काळात हप्ता नसतो, उलट हातात थोडे पैसे येतात.

गृहपाठ

१. जिथे गॅरेज टाकायचं तिथे एक तास उभे राहा. दुचाकी, कार, ऑटो, ट्रक, इलेक्ट्रिक गाड्या मोजा.
२. त्यावरून ट्रेड ठरवा आणि दोन आयटीआयचं वर्कशॉप बघून या.
३. आधीच गॅरेजवर काम करत असाल तर पुढचे ३० दिवस परत आलेली प्रत्येक गाडी वहीत लिहा : तक्रार काय होती, पार्ट कोणता बदलला, खरा बिघाड कोणता निघाला.

तिसरी वही भरली की तुम्हाला काय शिकायचं राहिलंय ते तीच सांगेल. पुढच्या धड्यात भांडवल बघू : पहिल्या दिवशी कोणती हत्यारं घ्यायची आणि कोणती वर्षभर थांबवायची.